पेन्सिलीतले तास (अनुभव धागा)

निळीशाई:
काल बाबांच्या ट्रंकेत 1991 ची डायरी सापडली. दर आठवड्याला कामाच्या तासांचे दोन आकडे. शाईतला मस्टरवरचा, पेन्सिलीतला खरा. एका पानावर 48 आणि 67. कारखाने कायद्याने वरच्या तासांना दुप्पट पगार होता, बाबांना साधाच मिळायचा, पाकिटातून. आई म्हणाली, तुझी दहावीची फी त्या पेन्सिलीतून गेली. रात्रभर झोप नाही. तुमच्या घरातलं लिहा.

रात्रपाळी:
आमच्यात सहाला कार्ड पंच करायचं आणि परत मशीनवर. गेटवर तक्ता लावलेला, दिवसाला 9, आठवड्याला 48. रोज त्याच्याखालूनच जायचो. इन्स्पेक्टर येणार असला की सगळे वेळेत घरी!

अनघा_पॅकिंग:
सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असा नियम होता, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. बेल्ट थांबायचा नाही. शेजारणीने दोघींचं काम ओढायचं, तेवढ्यात मी उभ्याने डबा खायचा. अजून उभीच जेवते, लेक ओरडते. आले, कुकर झाला.

टर्नर७२:
मला सुपरवायझर केलं, पगार 300 ने वाढवला, ओव्हरटाइम बंद. मशीन तेच, काम तेच. फसवणूक होती ती, दुसरा शब्द नाही.

बॉबिन:
आजोबा गिरणीत. रविवारी दाढी करायला बसले की नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव घ्यायचेच. 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्यामुळे.

रात्रपाळी:
@बॉबिन कुठल्या खात्यात? माझे सासरे स्पिनिंगला होते.

बॉबिन:
विव्हिंग. कान गेले हो शेवटी. टीव्ही अख्ख्या चाळीला ऐकू जायचा 😊

उशीराची_लोकल:
लेक आयटीत. काल रात्री दीडला जेवला. त्याला कुठलं गेट आणि कुठला तक्ता!

अनघा_पॅकिंग:
@उशीराची_लोकल ताई, रोजची वेळ लिहून ठेवायला सांगा त्याला.

टर्नर७२:
अगदी बरोबर. आमच्यातल्या सहा जणांनी अशाच वह्या युनियनकडे दिल्या. दीड वर्ष लागलं, पण फरक मिळाला. निळीशाई, डायरी रद्दीत घालू नका.

निळीशाई:
नाही घालणार काका. दुसरीही आहे, पण ओल लागून पानं चिकटलीत. कशी सोडवू?

बॉबिन:
ओढू नका. आधी सावलीत वाळू द्या, मग पोस्टकार्ड सरकवत एकेक पान सोडवा.