त्रयीचा शेवटचा खंड तुम्ही कुठं वाचलात? (अनुभव लिहा)

काल माळा आवरताना टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा खंड, 'रिटर्न ऑफ द किंग', हाताला लागला. पानं फुगलेली, खालच्या कडेला चहाच्या रंगाची रेघ. 2019 च्या कोल्हापुरातल्या पुराची.

ऑगस्टचा पहिला आठवडा. राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि आम्ही शाहूपुरीतलं तळमजल्याचं घर सोडून राजारामपुरीत मावशीकडं गेलो. कागदपत्रं घेतली, बाबांच्या गोळ्या घेतल्या. पुस्तक फळीवर राहिलं. अंगठी ज्वालामुखीत पडली तिथवर वाचून झालेलं. पुढं अजून सहा प्रकरणं होती आणि मला कळेना, युद्ध संपलं, आता एवढं काय सांगायचंय?

पाणी ओसरल्यावर घरी गेलो. घोटाभर चिखल, फ्रीज आडवा, आणि तो वास. पाणी फळीला टेकून थांबलेलं. पुस्तक मावशीकडं नेलं, रात्री एकेक पान सोडवत वाचलं. चौघं हॉबिट, म्हणजे गोष्टीतली बुटकी माणसं, जग वाचवून घरी येतात आणि बघतात तर गावातली झाडं तोडलेली, आपलंच गाव ओळखू येईना. मग सॅम गावभर रोपं लावत फिरतो. त्याच दिवशी सकाळी बाबा दारातली मोडलेली जास्वंद उपटून खड्डा साफ करत होते. पूर आल्यापासून पहिल्यांदा मी रडले ती तिथं.

तुमचंही लिहा.

पेठकरी: जास्वंद परत लावली का?

कुंभारगल्ली: आम्ही तुमच्या मागच्याच गल्लीत! त्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर आमच्याकडच्या मूर्ती पाण्यात गेल्या. रंग द्यायचा तेवढा राहिलेला. पुस्तकाचं नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

वरचीबर्थ: ओथ ऑफ द वायुपुत्राज, अमीशच्या शिवा त्रयीतलं तिसरं, 2013. महालक्ष्मी एक्स्प्रेस, मोबाईलच्या उजेडात. मिरज, कराड, सातारा कधी गेलं कळलं नाही. पहिलं, मेलुहा, 2010 ला दादानं घेऊन दिलेलं. दुसरं, नागांचं, आम्ही दोघांनी एकाच प्रतीवर भांडत वाचलं. तिसरं यायच्या आधी तो गेला. शेवटचं पान झाल्यावर सवयीनं त्याचा नंबर काढला होता.

पेठकरी: @वरचीबर्थ काय बोलू भावा.

माईच्यास्वयंपाकघरातून: ओली पुस्तकं कडक उन्हात टाकू नका गं, पानं वेडीवाकडी होतात. मधे मधे कोरा कागद घालून पंख्याखाली उभी ठेवायची. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, बुरशी धरत नाही.

कुंभारगल्ली: माई, तवा लाईट कुठली!

रंकाळावेस: गावाच्या नासाडीचा तो भाग सिनेमात घेतलाच नाही याचं मला अजून वाईट वाटतं. 11 ऑस्कर मिळाले, मिळायलाच पाहिजे होते, पण हॉबिट परत येतात आणि गाव जसंच्या तसं? टॉल्किन स्वतः लढाईवरून परतलेला माणूस, त्यानं ते प्रकरण उगाच लिहिलेलं नाही. त्याला या खंडाला 'वॉर ऑफ द रिंग' नाव हवं होतं, राजा परत येतो हे नावातच फुटतं म्हणून. आणि मुळात त्याच्या लेखी ते एकच पुस्तक. कागद महाग म्हणून प्रकाशकानं तीन खंड केले, तिसरा 1955 च्या ऑक्टोबरात आला. दुसऱ्यानंतर अकरा महिने लोक थांबले होते.

नवावाचक: मी दुसऱ्या खंडात आहे 😭

रंकाळावेस: माफ कर रे. तरी वाच, काही कमी होत नाही.

शनिवारचीवारी: आमच्या वाचनालयात दोनच खंड. तिसरा कुणीतरी नेला तो परत केलाच नाही. वर्षभर दर शनिवारी विचारत होते. शेवटी पहिल्या पगारातून घेतला आणि वाचून झाल्यावर तिथंच देऊन टाकला.

पेठकरी: लई भारी केलंस ताई. मिसळ माझ्याकडून.

शनिवारचीवारी: कट जास्त पाहिजे!

धागाकर्ती: सगळ्यांचं वाचलं. @वरचीबर्थ तुमचं दोनदा वाचलं. @पेठकरी, बाबांनी त्याच खड्ड्यात नवी लावली. 2021 ला परत पाणी आलं, तेव्हा तग धरली तिनं. आता खिडकीच्या वर गेलीय. कुकर झाला, उरलेलं रात्री लिहिते.