आईसाठी केबल बंद करायचीय, फ्री डिश घेऊ का?

परळची_पोर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे चाळीत अजून केबल आहे, महिन्याला साडेतीनशे जातात आणि बघणारी एकटी आई, मी आणि भाऊ दिवसभर मोबाईलवर. त्यात मागच्या महिन्यात केबलवाल्याने न विचारता पॅक बदललं, विचारलं तर म्हणे वरूनच रेट वाढले. डोकंच फिरलं. टीव्ही साधा एलईडी, स्मार्ट नाही, वायफाय आहे. महिन्याचे पैसे न भरता टीव्ही बघता येतो का खरंच? आईला रिमोटची दोनच बटणं कळतात हे धरून सांगा 😄

गच्चीवाला
फ्री डिश घे आणि मोकळी हो. दूरदर्शनची फुकट डीटीएच आहे, डिसेंबर २००४ पासून चालू आहे, तेव्हा डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे. छत्री आणि बॉक्सचे एकदाच साधारण दीड-दोन हजार, लॅमिंग्टन रोडला घासाघीस केलीस तर कमी, नंतर महिन्याला शून्य. जुन्या डीटीएचची छत्री पडली असेल तर तीच फिरवून चालते बहुतेक वेळा.

पण आधी जागा बघ. सॅटेलाईट जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे मुंबईतून आग्नेयेला बऱ्यापैकी वर, क्षितिजापासून ५७-५८ अंशावर. सोपी खूण म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य जिथे असतो ना, तिथे. त्या बाजूला टॉवर उभा असेल तर विसर, ग्रिलला कितीही छत्री बांध. आणि जुलैत ढग काळे झाले की चित्र अडकणार, ते सगळ्याच छत्र्यांचं होतं, बॉक्सला शिव्या देऊ नको.

माहीमची_मावशी
थांब गं, आधी आई काय बघते ते विचार! फ्री डिशवर झी मराठी नाही, स्टार प्रवाह नाही. आम्ही मोठ्या हौसेने लावली आणि संध्याकाळी सासूबाईंची मालिकाच गायब, आठ दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. सह्याद्री आहे, मराठी सिनेमेवाले एक-दोन चॅनल असतात पण फ्री डिशवरच्या जागांचा (स्लॉटचा) लिलाव होतो म्हणून आज दिसलेला चॅनल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. बातम्या, जुने सिनेमे, हिंदी मालिकांचे रिपीट यावर भागणारं माणूस असेल तर उत्तम. आमच्याकडे शेवटी केबल परत आली, छत्रीत आता कबुतरं बसतात.

स्लिप_मधला
मावशींना +१, पण एक फायदा कोणी सांगितलाच नाही. भारताच्या महत्त्वाच्या मॅचचं फीड खाजगी चॅनलला दूरदर्शनला द्यावंच लागतं, २००७ चा कायदा आहे. पण २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते फीड दूरदर्शनने स्वतःच्या अँटेनावर आणि स्वतःच्या डीटीएचवरच दाखवायचं, केबलवाल्याकडून नाही. म्हणून केबलवर डीडी लावलं की मॅचच्या वेळी भलतंच काहीतरी दिसायचं, आमच्या बिल्डिंगमध्ये लोक केबलवाल्याला फोन करून भांडायचे, बिचाऱ्याची त्यात काही चूक नसायची.

वरळी_सीफेस
अँटेनाचंही सांगतो. वरळीचा टॉवर ३०० मीटरचा, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि आमच्या लहानपणी गच्चीवर काठ्यांचं जंगल होतं, एकजण वर अँटेना फिरवतोय आणि खालून "आलं... गेलं... परत आलं" 😂 २०१६ ला डिजिटल पण आणलं, पण त्यात फक्त दूरदर्शनचेच मोजके चॅनल आणि टीव्हीत ते सिग्नल पकडणारा डीव्हीबी-टी२ ट्यूनर लागतो. एवढ्यासाठी कोण खटपट करणार.

त्यापेक्षा वायफाय आहेच तर टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये टीव्ही स्मार्ट करणारी स्टिक लाव. मराठी न्यूज चॅनल यूट्यूबवर लाईव्ह असतात, सह्याद्री पण. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ ला आलं, त्यात लाईव्ह चॅनल आहेत. दोन बटणांत नाही होणार मात्र. आणि स्टेशनबाहेर "सगळे चॅनल फुकट" म्हणून बॉक्स विकतात ते घेऊ नका, चोरीचं असतं आणि महिन्याभरात बंद पडतं.

परळची_पोर
थँक्यू सगळ्यांना! आईला विचारलं, म्हणाली एकच मालिका बघते, तीही शेजारच्या काकूंकडे जाऊन, कारण गप्पा मारत बघायला मजा येते. घरी बातम्या आणि सिनेमे. म्हणजे केबलचे पैसे आम्ही नक्की कशाचे भरत होतो?? फ्री डिशच घेतेय. गॅलरीसमोर नेमका टॉवर आहे, म्हणजे छत्री गच्चीवरच लावावी लागणार, आणि गच्चीची चावी ज्यांच्याकडे ते गणपतीला कोकणात गेलेत.