तिसरीतल्या मुलाला वर्गात चिडवतात, शाळेने नेमकं काय करायला हवं?

दोन_वेण्या:
माझा मुलगा तिसरीत आहे, बोलताना थोडा अडखळतो. वाचायला उभा राहिला की मागून कोणीतरी 'बफरिंग' म्हणतं आणि अख्खा वर्ग हसतो. जूनपासून चाललंय हे आणि मला कळलं दिवाळीनंतर, कारण डबा तसाच परत यायला लागला आणि मी आपली भाजी आवडत नसेल म्हणून रोज भाजी बदलत बसले. बाईंना भेटले तर त्यांनी त्या चार मुलांना सगळ्यांसमोर उभं करून झापलं. झालं, दुसऱ्या दिवसापासून याचं नाव 'चुगलखोर'.

माझं मत असं की पहिलीपासून आठवड्याला एक तास एकमेकांचा आदर शिकवायला हवाच, आणि तो चिडवणाऱ्या चौघांसाठी नाही तर हसणाऱ्या बाकी पस्तीस जणांसाठी. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने किवा नावाचा कार्यक्रम बनवलाय, त्यात बघणाऱ्या मुलांवरच भर आहे, कारण हसणारं कोणी नसेल तर चिडवण्यात मजा उरत नाही. आपल्याकडे का नको?

सातारकर:
ताई, वाईट वाटलं वाचून, पण तास वगैरे पटत नाही. प्रत्येक प्रॉब्लेमला एक तास काढला तर गणित कधी शिकवायचं? मला शाळेत सहा वर्षं 'काळ्या' म्हणायचे, मी रडलो, मग एकदा जोरात उत्तर दिलं आणि विषय संपला, त्यातलेच दोघं आज माझे जिगरी आहेत. पोराला उत्तर द्यायला शिकवा, पुढे कॉलेजात, नोकरीत आई येणार नाही मधे. आणि आदर शिकवायचाच तर रोज परिपाठाला प्रतिज्ञा म्हणतातच की पोरं.

खडूफळा:
झेडपीच्या शाळेवर 17 वर्षं आहे, बीड जिल्ह्यात. सातारकर, प्रतिज्ञेचं तुम्ही काढलंत म्हणून सांगते, त्यात पालक, गुरुजन आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवीन असं आहे, पुढे प्रत्येकाशी सौजन्याने वागेन असंही आहे. आम्ही पहिला अर्धा भाग घोटून घेतो. बाईंना नमस्कार केला की पोरगं संस्कारी, मग शेजारच्याचं दप्तर लाथाडलं तरी चालतं. मान फक्त वरच्या दिशेने शिकवलाय आपण.

आमच्याकडे साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ऊसतोडीवरून पोरं परत येतात, चार-पाच महिने शाळा बुडलेली, अक्षरं विसरलेली. त्यांना 'ढ' म्हणायला सुरुवात मुलं करत नाहीत हो, शिक्षक करतात. मी पण केलंय, पहिल्या दोन वर्षांत, आणि आठवलं की अजून पोटात तुटतं. शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 17 शारीरिक शिक्षेसोबत मानसिक त्रासालाही बंदी घालतं, पण आमच्या स्टाफरूममध्ये त्याचा अर्थ 'छडी बंद' एवढाच झाला.

पण दोन_वेण्या, तासाबद्दल मी पण साशंक आहे. 2009 ला आमच्या जिल्ह्यात मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम शाळांत सुरू झाला, जोडीत, गटात बसून बोलायचं असा, चांगला होता. जिथे बाई स्वतः तशा वागल्या तिथे फरक दिसला, जिथे उरकलं गेलं तिथे आदर म्हणजे काय याचं उत्तर वहीत उतरवून घेतलं आणि मधल्या सुट्टीत तेच सुरू. त्रास होतो तो खिचडीच्या रांगेत, नळावर, मुतारीत. तिथे मोठं माणूस उभं पाहिजे. मी जूनमध्ये प्रत्येकाला विचारते तुला कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, तेच नाव वर्गात चालतं, मी पण तेच वापरते.

पावसाळी:
मी दुसऱ्या बाजूची आई. माझ्या चौथीतल्या मुलीने एका मुलीशी सगळ्या वर्गाला कट्टी घ्यायला लावली होती, महिनाभर. शाळेने बोलावलं तेव्हा माझा विश्वास बसेना. घरी विचारलं तर म्हणाली, ती जाडी आहे. हा शब्द आमच्या घरातला, आम्ही नणंदेबद्दल बोलतो तो. मग क्लासच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी माझ्या मुलीचं नाव टाकलं आणि तिलाच सगळ्यांनी वाळीत टाकलं. त्याने काय शिकली ती? त्या मुलीची माफी मागायला आम्ही दोघी तिच्या घरी गेलो, खूप अवघड गेलं, पण झापण्यापेक्षा ते लागलं तिला.

सातारकर:
मोठी माणसं नळावर उभी करा, हे पटलं. पण पोरगं कायम कोणीतरी येईल म्हणून वाट बघत बसेल ही भीती माझी जात नाही.

दोन_वेण्या:
सातारकर दादा, तुम्ही सहा वर्षं सोसलंत मग उत्तर दिलंत, माझ्या मुलाला तर उत्तर द्यायला तोंड उघडलं की तेच अडखळणं येतं, त्याने काय करायचं? तासाचा हट्ट सोडते. सोमवारी बाईंना भेटून एवढंच मागणार आहे की झापू नका, त्याला वाचायला दुसऱ्या कोणाबरोबर जोडीने उभं करा. काल त्याने सांगितलं, पुढच्या बाकावरची एक मुलगी हसत नाही. नाव विचारलं तर न अडखळता सांगितलं. रविवारी तिला घरी खेळायला बोलावलंय.

सातारकर:
हे बरं केलंत. जोडीने वाचायचं बाईंना पटलं का ते सोमवारी लिहा.