लुगर पिस्तुलाच्या चेंबरवर १९१७ आणि १९२०, दोन वर्षं का?

टेक्सासकर: मंडळी, ह्युस्टनच्या गन शोमध्ये एक लुगर पी०८ हे जर्मन पिस्तूल बघितलं, चेंबरवर (नळीच्या मागे गोळी बसते त्या भागावर) १९१७ आणि त्याच्याच वर १९२० असं कोरलंय, विकणारा म्हणतो दुर्मिळ आहे आणि किंमत पण तशीच सांगतोय. खोटं तर नाही ना? मला दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलंच पिस्तूल हवंय.

जुनालोखंड: खोटं नाही, याला डबल डेट म्हणतात. पहिल्या महायुद्धात बनलेलं पिस्तूल नंतर वायमार सरकारच्या, म्हणजे युद्धानंतरच्या जर्मन सरकारच्या ताब्यात राहिलं, तेव्हा सरकारी मालमत्तेची खूण म्हणून १९२० चा शिक्का मारला. पण फार दुर्मिळ वगैरे नाही हो, बऱ्यापैकी सापडतात. वर्षापेक्षा नंबर बघा, छोट्या पार्ट्सवर सिरीयल नंबरचे शेवटचे दोन आकडे असतात, ते सगळे जुळले तरच किंमत. आणि ट्रिगर बघा, मूळचा गवताच्या काडीसारखा पिवळसर असतो, तो काळा झाला असेल आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत लागत असतील तर नंतर पॉलिश करून ब्लूइंग (धातूवर निळसर-काळा थर) केलंय, मग मी तरी एवढे पैसे देणार नाही.

सुट्टेभाग: बजेट कमी असेल तर जर्मनीतल्या एर्फुर्टचं ऑर्टगीस पिस्तूल घ्या, फार सुंदर काम आहे. फक्त ग्रिपला (मुठीच्या लाकडी पट्ट्यांना) स्क्रू शोधू नका, मॅगझिनच्या (गोळ्यांची डबी बसते त्या) खाचेत आतून खटका असतो तो दाबायचा. लोक स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात आणि लाकूड चिरतं, बघून जीव तुटतो.

टेक्सासकर: ट्रिगर काळाच होता! थँक्यू, थांबतो.