मदत हवी आहे: प्रेसमध्ये मांजराचं पिल्लू ठेवायचंय, उद्या सुट्टी, लवकर सांगा

प्रेसवाला_नारायणपेठ (बुधवार, दुपारी ३.४०)
नमस्कार मंडळी. आमच्या प्रेसमध्ये मांजराचं पिल्लू आलंय. ठेवायचं ठरलंय, मालकही हो म्हणालेत (गेल्या महिन्यात उंदरांनी आर्टपेपरची अख्खी रीम कुरतडली, तेव्हापासून ते कशालाही हो म्हणतात). प्रश्न दोनच आहेत. दूध पितंय, पण पोट बिघडलंय, पातळ होतंय. काय देऊ? आणि उद्या गुरुवार, प्रेस बंद. सात वाजता शटर पडेल. पिल्लू आत ठेवायचं की बाहेर? "मांजर पाळू नका" छाप ज्ञान नको. पत्रिकांचं काम अंगावर आहे, घाईत आहे.

तळजाई_पहाट
किती दिवसांचं आहे? आई कुठे आहे? फोटो टाका.

नाना_सदाशिव
उंदरांसाठी मांजर हा उपाय मुळातच अर्धवट. आमच्या दुकानात लाकडी सापळा असतो आणि त्यात शिळं कांदाभजं. ताजं चालत नाही, तेलाचा वास मुरावा लागतो. पोट भरलेलं मांजर उंदराकडे बघून फक्त जांभई देतं.

प्रेसवाला_नारायणपेठ
नाना, सापळ्याचं विचारलेलं नाही. @तळजाई, लहान आहे. तळहातावर बसतं, जरा बाहेर येतं. आई नाही. फोटो नंतर टाकतो, हाताला शाई आहे.

कोथरूडची_मावशी
दूध बंद करू नकोस रे बाबा. निम्मं पाणी घाल, चिमूटभर हळद टाक, आणि पोटावर ओव्याची पुरचुंडी शेकव. आमच्या सगळ्या मांजरांना हेच केलं.

पशुवैद्य_भोर
मावशी, रागावू नका, पण हळद नको आणि ओवाही नको. गाईम्हशीचं दूध आत्ता बंद करा. त्यातलं लॅक्टोज बहुतेक मांजरांना पचत नाही, जुलाबाचं पहिलं कारण तेच असतं. दुसरं कारण जंत. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी एका दिवसात कमी होतं, म्हणून अंगावर काढू नका. बाकी वय कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही. दात आलेत का? डोळे निळे आहेत की रंग बदललाय? स्वतःचं स्वतः खातं का? वजन करा. आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम धरतात. प्रेसमध्ये पार्सलचा काटा असेलच.

प्रेसवाला_नारायणपेठ
ए-फोरच्या खोक्यात बसवून काट्यावर ठेवलं. तीनदा उडी मारून बाहेर आलं, शेवटी खोक्याचं झाकण लावून वजन घेतलं. खोकं वजा जाता ६२० ग्रॅम. डोळे निळसर-राखाडी. दात आलेत, नखंही. आमच्या बायंडरला विचारा. खातं म्हणजे मी पोळीचा तुकडा टाकला, हुंगून बाजूला झालं.

पशुवैद्य_भोर
म्हणजे सहा आठवड्यांच्या आसपासचं. बाटलीची गरज नाही, मऊ खाणं जमेल. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन बारीक कुस्करून, उकडलेलं पाणी वर घालून, थोडं थोडं चार-पाच वेळा. नाहीतर पिल्लांच्या खाण्याचं तयार पाकीट मिळतं, ते भिजवून. जंताचं औषध वजनावर ठरतं, डॉक्टरकडून घ्या. माणसांच्या औषधातलं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला मारतं.

तळजाई_पहाट
"बायंडरला विचारा" म्हणजे काय? चावलं का त्यांना?

प्रेसवाला_नारायणपेठ
चावलं नाही. कटिंग मशीनखालून काढताना ओरखडलं. रक्ताचा ठिपका आला, त्यांनी हळद लावली. विषय तो नाहीये. शटरचं सांगा कुणीतरी.

सिस्टर_येरवडा
दादा, विषय तोच आहे. आधी बायंडर काकांना नळाखाली उभं करा. साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. हळद धुऊन टाका. मग आजच ससूनला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. रेबीजचा पहिला डोस आज, पुढचे ते सांगतील त्या तारखांना. धनुर्वाताचंही विचारा. बाहेरचं, लस न दिलेलं जनावर आणि रक्त आलंय, यात थांबून बघायचं काही नसतं.

नाना_सदाशिव
मांजराने ओरखडलं की इंजेक्शन? आम्ही वाड्यात वाढलो, अंगभर ओरखडे असायचे. आहोत की अजून.

सिस्टर_येरवडा
जे नाहीत ते धाग्यावर लिहायला येत नाहीत, नाना. रेबीजची लक्षणं दिसल्यावर कुणाच्याही हातात काही उरत नाही.

प्रेसवाला_नारायणपेठ
धुवायला लावलंय. जातो म्हणालेत, कुरकुर करत. एक अडचण आहे. मालक पक्के शाकाहारी, प्रेसमध्ये चिकन आणलेलं चालणार नाही. दहीभात चालेल का?

कोथरूडची_मावशी
न चालायला काय झालं! आमची मनी दूधपोळीवर पंधरा वर्षं जगली. मांस कधी दाखवलंसुद्धा नाही.

पशुवैद्य_भोर
तुम्ही दाखवलं नसेल, पण रात्री गच्चीवर ती काय करत होती ते तिलाच ठाऊक. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांसातूनच मिळतं. ते नसेल तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. गाय मांसावर नाही जगत तसं मांजर भातावर नाही जगत. मालकांना कोरड्या खाण्याचं पाकीट दाखवा. बिस्किटांसारखं दिसतं, सहसा कुणी हरकत घेत नाही.

कोथरूडची_मावशी
मनीबद्दल असं बोलू नये. ती चतुर्थीलाही दहीभातच खायची.

टेबलखुर्ची
मी अनुभवाने सांगतो, ठेवू नका. आमच्या शिवाजीनगरच्या ऑफिसात होतं एक. सगळे लाड करायचे. अकाउंट्सवाले पार्ले-जी देत, कॅन्टीनचा पोऱ्या वडा देत असे, साहेब स्वतः मलई आणत. पोट जमिनीला लागायला आलं. एवढे खाऊ घालणारे, पण दिवाळीच्या चार सुट्ट्यांत पाणी कुणी ठेवलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा ठेवेल. आणि ऑफिस बाणेरला हललं तेव्हा कपाटांची यादी झाली, पंख्यांची झाली, मांजराची नाही. जाऊन बघितलं तर आमच्या जुन्या दारात बसलेलं. शेवटी शिपाईमामा घेऊन गेले घरी. तुमच्याकडे त्याचं नाव कुणाच्या नावापुढे लिहिलेलं आहे? ते आधी ठरवा.

मुक्काम_पोस्ट
तुम्ही नकारात्मक बोलताय. जपानमध्ये वाकायामात तामा नावाच्या मांजरीला २००७ मध्ये रीतसर स्टेशनमास्तर नेमलं होतं. टोपी होती तिला. २०१५ मध्ये गेली, तोवर बंद पडायला आलेल्या त्या रेल्वेवर लोक फक्त तिला बघायला येत. प्रेसचं मार्केटिंग करा!

कायदा_कट्टा
आणि परवाना? २०२२ मध्ये पुणे महापालिकेने मांजरांसाठीही नोंदणी आणली, रेबीजची लस टोचल्याचा दाखला लागतो. २०२५ च्या सुरुवातीला हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेवर मांजरं निघाली ती बातमी आठवा. सुरुवात एकानेच होते.

प्रेसवाला_नारायणपेठ
एक पिल्लू आहे हो. ६२० ग्रॅमचं. साडेपाच वाजले. आत की बाहेर?

तळजाई_पहाट
आत ठेवायच्या आधी एक सांगा. उंदरांवर आतापर्यंत काय करत होतात?

प्रेसवाला_नारायणपेठ
निळ्या वड्या ठेवल्यात. रिमांच्या मागे आणि पोटमाळ्यावर.

पशुवैद्य_भोर
मग आत अजिबात नको. त्या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं, आणि लगेच कळतही नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्यांतून नाहीतर लघवीतून रक्त दिसतं. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी धोका आहेच. एकेक वडी शोधून उचला, हातमोजे घालून. चिकट पॅड असतील तर तेही.
आणि प्रेस म्हणजे बाकीचंही आलं. रोलर धुवायचं वॉश फरशीवर सांडलं की पायाला लागतं, मग चाटून पोटात. फिनाइलचं तेच. बायंडिंगचा दोरा आणि रबरबँड तर मांजर शेवयांसारखे गिळतं, आतडं त्यावर गोळा होतं. दोऱ्याचं टोक बाहेर दिसलं तरी ओढायचं नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं. मशीन चालू करण्याआधी खाली वाकून बघायची सवय सगळ्यांना लावा, मोटरची ऊब त्यांना फार आवडते.
एक गोष्ट मात्र तुमच्याकडे फुकट आहे, कोऱ्या कागदाची कातरण. उथळ ट्रेमध्ये टाका, शी-शूची सोय झाली. गोळा होणारी विकतची वाळू एवढ्या लहानाला नको, ते खातं.

तळजाई_पहाट
आणि आई नाही हे कशावरून? बघितलंत का कुठे?

प्रेसवाला_नारायणपेठ
सोमवारी सकाळी शटर उघडलं तर मशीनखाली होतं. वॉचमन म्हणतो मागच्या बोळात एक काळी-पांढरी रात्री ओरडत फिरते. पण आता आम्ही हात लावलाय, माणसाचा वास लागला की आई घेत नाही ना?

तळजाई_पहाट
अहो, ती म्हणजेच आई! हे पहिल्या ओळीत लिहायचं. वासाचं खरं नाही, मांजरी घेतात परत. आधी तिला शोधा.

पहिलटकर
प्रेसवाले, अवांतर विचारतो. तीनशे पत्रिका, दोन रंग, पाकिटासह काय दर पडेल? लग्न वैशाखात आहे.

प्रेसवाला_नारायणपेठ
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वड्या उचलायला माळ्यावर चढतोय.

प्रेसवाला_नारायणपेठ (बुधवार, संध्याकाळी ६.५०)
आई सापडली. बोळात नाही, आमच्याच पोटमाळ्यावर. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांमागे, आणि अजून दोन पिल्लं आहेत. मागच्या खिडकीची जाळी कोपऱ्यात फाटलीय, तिथून येते-जाते. माझ्यावर फिस्कारली. आपलं पिल्लू खालीच पडलं असणार वरून. चार वड्या ठेवल्या होत्या, चारही मिळाल्या, तोंड लावलेलं नाही. पिल्लू शिडीवरून वर सोडलं, तिने मानेला धरलं आणि गठ्ठ्यामागे नेलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

नाना_सदाशिव
म्हणजे मांजर माळ्यावर राहायला असताना खाली रीम कुरतडली गेली. नोंद घ्यावी.

पशुवैद्य_भोर
नाना, बाळंतीण आहे ती.
प्रेसवाले, उत्तम झालं. आता शटर पाडा, खिडकी मात्र तशीच राहू द्या. वर पाण्याचं भांडं आणि तिच्यासाठी खाणं ठेवा, भरपूर, ती पाजतेय. उद्या कुणीतरी एकदा डोकावून या. पिल्लाचे जुलाब उद्यापर्यंत थांबले नाहीत किंवा ते मलूल दिसलं तर सुट्टी न बघता डॉक्टरकडे. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. तोपर्यंत तिघांचं जंतांचं औषध आणि पहिली लस, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. आणि पिल्लांचं दूध सुटलं की आईचं ऑपरेशन करून घ्या. पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत पुढची वेत येते. मग कायदा_कट्टा यांचं तीनशेचं गणित खरं होईल.

टेबलखुर्ची
उद्या डोकावणार कोण? नाव सांगा.

प्रेसवाला_नारायणपेठ
बायंडर. इंजेक्शन घेऊन आले, घर मागच्याच गल्लीत आहे. म्हणाले, मला ओरखडलंय म्हणजे ओळख झालीय, मीच बघतो. किल्ली दिली.

पाषाणकर (शुक्रवार, सकाळी ११.१५)
एखादं पिल्लू देणार का? मुलगी मागे लागलीय.

तळजाई_पहाट
कितवा मजला? बाल्कनीला, खिडक्यांना जाळी?

पाषाणकर
पाचवा. जाळी कशाला? मांजर पडलं तरी चार पायांवर पडतं ना.

तळजाई_पहाट
चार पायांवर पडतं आणि चारही मोडून घेतं, जबडाही फुटतो. आधी जाळी, मग मांजर.

प्रेसवाला_नारायणपेठ
अहो, त्यांना पळवून लावू नका. @पाषाणकर, दोन-तीन आठवडे आहेत तुमच्या हातात, लावून घ्या जाळी. जुलाब थांबलेत, चौघंही ठीक आहेत. बायंडरनी पाकीट आणलं आणि पावतीवर "स्टेशनरी" लिहून घेतलंय. मालक उद्या येतील, त्यांनी एकालाच हो म्हटलंय. चौघांचं कसं सांगू तेवढं सुचवा कुणीतरी.

कोथरूडची_मावशी
आधी चहा दे. मग सांग.