थ्री-गनसाठी पहिली शॉटगन: पैसे बंदुकीत घालायचे की हातात?

डॅलसचा_वऱ्हाडी (धागाकर्ता)

आमच्या क्लबमध्ये नवा आलेला प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "बेनेली एम२ घेऊ की बेरेटा १३०१?" माझं म्हणणं, दोन्ही राहू द्या. आधी मॉसबर्ग ९४० जेएम प्रो घ्या आणि उरलेल्या पैशांची काडतुसं आणा.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: रायफल, पिस्तूल, शॉटगन, तिन्ही हत्यारं एकाच फेरीत, घड्याळ चालू. रायफल-पिस्तुलाचं मॅगझिन दोन सेकंदांत बदलून होतं. शॉटगनच्या ट्यूबमध्ये (नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्यात) मात्र काडतुसं हातानंच कोंबावी लागतात, आणि बहुतेकांचा सामना तिथंच जातो.

परवाची फेरी घ्या. २४ लोखंडी पाट्या, सुरुवातीला बंदुकीत ९ काडतुसं. एक नेम चुकला की आणखी १६ भरायची, म्हणजे चार-चारच्या चार खेपा. एकेक भरायचो तेव्हा मला एका खेपेला नऊ सेकंद लागायचे, आता क्वाड लोडनं (चारही काडतुसं एकदम मुठीत घेऊन भरायची पद्धत) चार लागतात. वीस सेकंद वाचले! महागड्या बंदुकीनं दोन बारांमधला वेळ पाच शतांश सेकंदानं कमी केला, तरी अख्ख्या फेरीत सव्वा सेकंदच मिळतो. ९४० ला भरायचं तोंड कारखान्यातूनच रुंद केलेलं येतं, कानस घेऊन बसावं लागत नाही.

मेसाकर

साफ असहमत. हिशेब छान आहे, पण बंदूक अडकली नाही तरच. ९४० सारखी, बाराच्या गॅसवर चालणारी बंदूक काजळी खाते आणि दिवसभराच्या सामन्यात मध्येच रुसते. एम२ इनर्शियावर चालते. धक्क्यानं बंदूक मागे सरकते, बोल्ट (काडतुसामागचा सरकता ठोकळा) जागीच राहू पाहतो, मधली स्प्रिंग दबते आणि तीच पुढचं काम करते. गॅस आत येतच नाही, त्यामुळे साफसफाई नावापुरती. २४ इंची नळी घ्या, लांब ट्यूब जवळजवळ नळीच्या टोकाशी येऊन थांबते आणि वेडीवाकडी पुढे लोंबत नाही. भरायचं तोंड रुंद करणं, लिफ्टर (काडतूस वर उचलणारी पट्टी) वेल्ड करणं ही कामं गनस्मिथ एकदाच करून देतो. स्वस्तातली घेऊन दोन वर्षांत विकण्यापेक्षा हे बरं.

बारबोर_बंडू

मेसाकर, अर्धंच सांगितलंत. बंदूक मागे सरकली तरच स्प्रिंग दबणार ना? माझ्या इनर्शियावालीला मी ट्यूब, काडतुसांचा पट्टा, दिवा असं सगळं सोन्याच्या नथीसारखं लटकवलं. त्यात ७/८ औंस छर्ऱ्यांची हलकी काडतुसं. जड बंदूक सरकेचना, दर तिसऱ्या बाराला रिकामं टरफल अडकायचं. चूक माझीच. पण नवख्या माणसाला हे कोण सांगतं? आणि गॅसच्या बंदुकीचा धक्का सौम्य असतो, खांदा संध्याकाळपर्यंत टिकतो, त्याचं काय?

छर्रेवाली

दोघंही यंत्रावरच भांडताय. पॅटर्न, म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव, कोणी पाहिलाय? पुठ्ठा २५ यार्डांवर लावा, साडेसात नंबरचे छर्रे, १ औंस, आणि दोन-तीन चोक (नळीच्या टोकाला बसणारे, फैलाव आवळणारे तुकडे) बदलून बघा. माझ्या बंदुकीत इम्प्रूव्हड सिलिंडर या सैल चोकनं त्या अंतरावर छर्ऱ्यांमध्ये मोठ्या रिकाम्या जागा राहायच्या. पाटी लागली तरी पडेना, उभीच! त्याहून जरा घट्ट लाइट मॉडिफाइड लावला आणि प्रश्न मिटला. मग त्याच चोकनं स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) मारून बघा. नेम धरायला समोर नुसता मणी असेल तर ५० यार्डांवर स्लग बहुधा वर जातो. किती वर, ते सामन्याच्या दिवशी कळून उपयोग नाही.

आणखी एक. सेफ्टीचं बटण मोठं बसवून घ्या. दुसरं हत्यार घेण्याआधी ही बंदूक पिंपात टाकताना आत काडतूस आणि सेफ्टी उघडी राहिली, तर सामन्यातून थेट बाहेर. मी एकदा रडत घरी आलेय.

नवखा_ऑस्टिन

दादा, मी एच-१बी वर आहे. बंदूक घेता येईल का? पुण्यात एनसीसीमध्ये .२२ सोडून काही हाताळलं नाही.

डॅलसचा_वऱ्हाडी

@नवखा, एच-१बी सारख्या व्हिसावर फेडरल कायद्यानं बंदूक बाळगायला बंदी आहे, पण अपवाद आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे इथल्या राज्याचा चालू शिकार परवाना. त्याची मुदत संपू देऊ नकोस, हे शॉटगनच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. दुकानात जाण्याआधी वकिलाला एक फोन कर.

मेसाकर

काजळीचं मी जरा ताणलं, मान्य. पण नवख्याला लगेच क्वाड लोड शिकवू नका. बंदूक उलटी करून खांद्यावर, चार काडतुसं मुठीत, दोन आत, दोन मातीत. मग वाकून वेचायची, कुरमुरे सांडल्यासारखी! सहा महिने दोन-दोननंच भरा.

डॅलसचा_वऱ्हाडी

दोन-दोनचं पटलं. मीही पहिले तीन महिने सोफ्यासमोर चादर अंथरून डमी काडतुसांनीच भरायचो, रोज दहा मिनिटं. बायको म्हणायची, "शेंगा सोलत असता तर काही उपयोग तरी झाला असता." बंदुकीबाबत मात्र हटणार नाही. तुमची एम२ आणि माझी ९४०, सारखीच काडतुसं, त्याच २४ पाट्या. कधी येताय डॅलसला?