मदत हवी आहे: सिअ‍ॅटलच्या गल्ल्यांतल्या सर्कलवर लेकीला सायकल कशी चालवू द्यावी?

आम्ही सिअ‍ॅटलच्या वॉलिंगफर्ड भागात राहतो. इथे गल्लीगल्लीच्या चौकात मधोमध छोटं सर्कल, आत कुणीतरी हौसेने लावलेली झुडपं. शहरात अशी हजाराच्या वर आहेत. नाशिकचं मायको सर्कल डोळ्यांसमोर आणू नका, हे जेमतेम एक गाडी वळसा घालेल एवढंच. सिग्नल नाही, बऱ्याच ठिकाणी पाटीही नाही.

नऊ वर्षांच्या लेकीला शाळेत सायकलने जायचंय. वेगाची भीती नाही, गल्लीत मर्यादा ताशी २० मैलच आहे. पण सर्कलपाशी रस्ता निमुळता होतो. आपण कडेने (इथे उजव्या) चाललो की मागचा नेमका तिथेच गाडी पुढे काढतो आणि सर्कल चुकवायला उजवीकडे, म्हणजे आपल्याच अंगावर येतो. डावीकडे वळणारेही वळसा न घालता अलीकडूनच कट मारतात. त्यात झुडपांआडून लेक दिसतच नाही.

तिला कडेने नेऊ, मधून, की सरळ फुटपाथवर घालू? (इथे फुटपाथवर सायकल चालते.) आणि आधी कोणी जायचं?

रानवाट: मधून! दोन घरं आधीच मागे बघून, हात दाखवून लेनच्या मधोमध यायचं, वळसा संपला की परत कडेला. मागचा हॉर्न मारेल, मारू दे. फुटपाथ नको. चौकात तिथून अचानक उतरणारं पोर ड्रायव्हरच्या ध्यानीमनीही नसतं.

चकली_स्पेशल: पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा वॉशिंग्टन राज्याचा नियम. तरी समोरचा तो पाळेलच असं धरू नका. गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघायला शिकवा, कट मारणाऱ्याचं चाक आधीच वळलेलं दिसतं. एरवी शेजारी-शेजारी चालवा, दोन सायकलींना कायद्याने मुभा आहे. सर्कलवर मात्र ती पुढे, तुम्ही मागे, किंचित डावीकडे.

धागाकर्ता: आभार! रविवारी सकाळी तालीम घेतो. स्टॉपच्या पाटीला सायकलनेही पूर्ण थांबायचं ना?

रानवाट: ऑक्टोबर २०२० पासून सक्ती नाही. वेग कमी करून, ज्याचा हक्क त्याला जाऊ देऊन पुढे निघता येतं. स्कूल बसवरची स्टॉपची पाटी आणि रेल्वे फाटक याला अपवाद. पण लेकीला सध्या पाय टेकवूनच थांबायला लावा.